पाण्याचाही ठसका लागतो तेव्हा

पत्र :

लालबागच्या चाळीत आम्ही पाच माणसं राहतो. माझे सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, ७६ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षभरात त्यांना जेवताना सारखा ठसका लागतो. आधी म्हणायचे, ‘आमटीत तिखट जास्त झालंय.’ मी तिखट कमी केलं, मग जवळजवळ बंदच केलं. मुलं फिक्क्या जेवणाला कंटाळली, पण अप्पांचा ठसका काही थांबेना. आता तर सकाळच्या चहाला आणि साध्या पाण्यालाही लागतो. जेवायला पाऊण तास लागतो. हल्ली आमचं सगळ्यांचं झाल्यावर ते कॉटवर उशीला टेकून, टीव्ही बघत एकटेच जेवतात. पावसाळ्यात दोनदा ताप आला, छातीत कफ झाला. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय. आवाज बारीक आणि फुसका झालाय, त्यामुळे भजनी मंडळात जाणंही सोडलं. रात्री जोरात घोरतात, मध्येच घोरणं थांबतं आणि आम्ही दोघं अंधारात कान लावून बसतो. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. पूर्वी दातांना तंबाखूची मिश्री लावायचे, दहा वर्षांपूर्वी सोडली. माझे मिस्टर म्हणतात, ‘वय झालं की असं होतंच, तू बाऊ करू नकोस.’ पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे आणि अप्पा म्हणतात, मी येणार नाही. वयामुळे घसा असा होतो का? डॉक्टरकडे न्यावं का?

उत्तर :

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. अप्पांना डॉक्टरकडे न्या. लग्न पार पडेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात न्या.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींवर मी अडले. साध्या पाण्याला लागणारा ठसका, पावसाळ्यात दोनदा आलेला ताप आणि पट्ट्याचं नवीन भोक. घरात या तिन्ही वेगवेगळ्या वाटतात. ताप आला की आपण हवेला बोल लावतो, वजन उतरलं की शुगरला. कान-नाक-घशाचं काम इतकी वर्षं केल्यावर मला मात्र त्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसतात. पाण्याचा, चहाचा थोडा थोडा अंश अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरत असावा, त्यातून छातीत जंतुसंसर्ग होत असावा आणि जेवण म्हणजे रोजची कसरत झाल्यामुळे अप्पा अर्धपोटीच उठत असावेत. ‘असावं’ म्हणते, कारण पत्रावरून निदान होत नाही. पण तपासणीला एवढी शंका पुरे.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वयाने घसा बदलतो. पण ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली इतकी बरी होण्यासारखी दुखणी दडपली जातात, की ते शब्द ऐकले की मला अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून वयाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे जरा सविस्तर सांगते. मिस्टरांनाही वाचायला द्या.

वाचता वाचता एक करून बघा. गळ्याच्या मधोमध, पुरुषांचा कंठमणी दिसतो त्या जागी दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. आतलं काहीतरी वर जाऊन परत खाली आलं ना? ते तुमचं स्वरयंत्र. आपण त्याला आवाजाचं यंत्र म्हणतो, पण त्याचं पहिलं काम आहे राखणीचं. घशात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. श्वास नाकातून, म्हणजे मागच्या बाजूने येतो आणि त्याला जायचं असतं पुढच्या नळीत. घास तोंडातून, म्हणजे पुढून येतो आणि त्याला जायचं असतं मागच्या नळीत. एकमेकांची वाट ओलांडल्याशिवाय दोघांचंही भागत नाही. रस्ता रुळांना छेदून जातो तिथलं रेल्वे फाटक डोळ्यांसमोर आणा. घास निघाला की श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली आसरा घेतं, स्वरतंतू घट्ट मिटतात, वरून कूर्चेचं एक झाकण कलतं आणि मागे अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घास पुढे गेला की बहुतेक वेळा आपण आधी श्वास बाहेर सोडतो, म्हणजे चुकार कण राहिलाच तर तो आत ओढला जात नाही. हे सगळं जेमतेम एका सेकंदात. स्नायूंच्या पंचवीसहून जास्त जोड्या आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या त्यात राबतात. दिवसातून पाचशेहून अधिक वेळा आपण हे करतो, झोपेतसुद्धा, आणि त्याची आपल्याला दादही नसते.

आता वय काय करतं ते बघा. तिशीनंतर शरीरातले स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हे दंडा-मांड्यांबद्दल आपण ऐकलेलं असतं. पण जीभ म्हणजेही स्नायूच आहे. घशाच्या भिंतीही स्नायूंच्याच. त्याही बारीक होतात. जिभेचा रेटा कमी पडला की घास एका दमात मागे जात नाही, थोडा घशाच्या कोनाकोपऱ्यात रेंगाळतो, म्हणून म्हातारी माणसं एका घासासाठी दोन-दोनदा गिळतात. मानेतल्या ऊती सैल झाल्यामुळे स्वरयंत्र तरुणपणापेक्षा किंचित खाली उतरलेलं असतं, म्हणजे त्याला वर चढायला अंतर जास्त आणि चढवणारे स्नायू मात्र थकलेले. त्यातल्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. स्वरतंतू पातळ होऊन मधे किंचित बाक घेतात, मिटले तरी फट राहते. अप्पांचा आवाज फुसका होण्यामागे हेच असू शकेल. त्याच फटीमुळे खोकलाही जोरकस येत नाही.

या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे घशाच्या अस्तराची जाणीव बोथट होते. पाणी जिभेच्या मागे पोहोचलं ही वर्दी मेंदूला उशिरा मिळते, आणि फाटक पडायला क्षणभर उशीर होतो. पाण्याला तो क्षणही पुरतो. मऊ भाताचा घास सावकाश सरकतो, घशाला सावरायला वेळ देतो. पाणी, चहा, पातळ ताक हे सगळं धावतच येतं. म्हणून अप्पा भात खातात आणि पाण्याला ठसकतात. यात नवल काही नाही. तिखटाचा दोष तर मुळीच नाही. उलट मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याने म्हाताऱ्या माणसांच्या घशाला लवकर जाग येते आणि गिळण्याची क्रिया वेळेवर सुरू होते, असं जपानमधल्या संशोधकांना आढळलं आहे. म्हणून लगेच आमटीत तिखट ओतू नका, पण मुलांचं जेवण फिक्कं करायची गरज नव्हती एवढं मनाशी धरा आणि स्वतःला दोष देणं थांबवा.

पण निरोगी माणसाच्या घशात ताकदीची शिल्लक असते. ऐंशीतला धडधाकट माणूस सावकाश जेवेल, पाणी जास्त पिईल, क्वचित ठसकेल. तो रोज ठसकणार नाही, त्याचं वजन घटणार नाही, त्याला पुन्हा पुन्हा छातीचा ताप येणार नाही. वय ती शिल्लक खर्चत आणतं, आणि मग एखादं लहानसं दुखणंही खातं रिकामं करतं. कधी कोणाला न कळलेला पक्षाघाताचा हलका झटका, कधी कंपवाताची सुरुवात, कधी वर्षानुवर्षांच्या शुगरने मंदावलेल्या नसा, कधी घशापर्यंत येणारं आम्लपित्त, कधी दुसऱ्याच दुखण्यासाठी चालू असलेली गोळी. आणि मिश्रीचा इतिहास असलेल्या माणसाच्या घशात गाठ किंवा जखम नाही ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी तरी गप्प बसणार नाही. घाबरवायला हे लिहीत नाही. मिश्री सोडून दहा वर्षं झाली हे चांगलंच आहे. पण तीन आठवड्यांहून जास्त काळ आवाज बदललेला असेल तर घसा तपासायचाच, हा नियम मी कोणासाठी मोडत नाही.

इथे माझ्या घरचं एक सांगते. माझ्या आईने शेवटची दोन वर्षं ताक सोडलं होतं. जन्मभर जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक पिणारी बाई, म्हणायची, ‘आता आंबट नको वाटतं.’ मी दिवसभर लोकांचे घसे बघून घरी यायचे आणि तिचं म्हणणं खरं मानायचे. ताक आंबट होतं म्हणून नव्हे, पातळ होतं म्हणून तिने सोडलं होतं, हे मला तिला न्यूमोनिया झाल्यावर कळलं. म्हातारी माणसं अशीच सबब सांगतात. तिखट झालं, आंबट झालं, भूक नाही, दात दुखतो. चारचौघांत ठसका लागून डोळ्यांत पाणी येणं, नाकातून चहा येणं, नातवंडांनी घाबरून बघणं, याची त्यांना लाज वाटते. अप्पांचं सगळ्यांच्या मागून जेवणं आणि लग्नाला नाही म्हणणं मी याच लाजेच्या खात्यात टाकते.

डॉक्टरांकडे जाताना काय कराल? तुम्हाला केईएम जवळ आहे, तिथली कान-नाक-घशाची ओपीडी गाठा. नायर किंवा सायनलाही हा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि डॉक्टरांसमोर ‘घसा दुखतो’ असं मोघम सांगू नका, कारण गर्दीत तसं सांगितलं की गुळण्या आणि गोळ्या घेऊन परत यावं लागतं. सांगा : पाण्याला रोज ठसका, पावसाळ्यापासून दोनदा छातीचा ताप, वजन कमी, आवाज बदललाय, पूर्वी मिश्री. ‘गिळण्याची तपासणी करून हवी आहे’ असं स्वच्छ म्हणा. अप्पांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. सर्दीच्या, वारंवार लघवीसाठी दिलेल्या, काही मनाच्या दुखण्यांवरच्या गोळ्या तोंड कोरडं पाडतात, आणि लाळ नसली की घास सरकत नाही. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं, त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तो मात्र दिवसभर कधीही येतो, घासाशी किंवा घोटाशी बांधलेला नसतो. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपासणी दोन प्रकारे होते. एकीत नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घशाच्या वर ठेवतात आणि माणसाला पाणी, मऊ अन्न, बिस्किट खायला देऊन कोणती गोष्ट कुठे जाते ते पडद्यावर बघतात. नाकात थोडं चुरचुरतं, भूल देऊन झोपवत नाहीत. दुसरीत अन्नात बेरियम मिसळून गिळताना एक्स-रेचं चलच्चित्र घेतात. दोन्हींत एक गोष्ट कळते जी घरी कधीच कळत नाही. काही माणसांच्या श्वासनलिकेत पाणी उतरतं आणि ठसका लागतच नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली असते. म्हणून, ताई, अप्पांचा ठसका उद्या आपोआप थांबला तरी निर्धास्त होऊन तपासणी रद्द करू नका.

पुढची पायरी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची. बोलणं शिकवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण गिळणं सुधारणं हाही त्यांच्याच अभ्यासाचा भाग आहे. नायरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे तज्ज्ञ घडवले जातात आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. गिळण्याच्या तक्रारीसाठी कोणत्या दिवशी कोणाला भेटायचं, हे आधी विचारून मग अप्पांना घेऊन जा, त्यांची उगाच दगदग नको. घशाचे स्नायू व्यायामाने सुधारतात, सत्तरीतसुद्धा. जीभ टाळूवर जोरात दाबून धरायची, जोर लावून गिळायचं, जोराचा उच्छ्वास टाकायचा, असे हे व्यायाम असतात. कोणता, किती वेळा आणि कोणासाठी हे तपासणीनंतर ठरतं. मोबाइलवर कोणीतरी दाखवतं म्हणून उताणं झोपून मान उचलण्याचा व्यायाम अप्पांकडून करून घेऊ नका. मानेचे मणके झिजलेले असतील तर तो बाधतो.

तपासणी होईपर्यंत घरात काय बदलायचं, यावर मला जास्त लिहायचंय, कारण ते आज रात्रीपासून तुमच्या हातात आहे.

पहिलं म्हणजे कॉटवरचं जेवण बंद. उशीला टेकलं की हनुवटी वर जाते, गळा ताणला जातो आणि श्वासाची वाट उघडी पडते. टेकायला पाठ असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, ताट छातीच्या उंचीला येईल असं एखादं स्टूल. चाळीच्या खोलीत जागा किती असते ते मला ठाऊक आहे, पण जेवणापुरती एक खुर्ची मांडता येईल. जेवण झाल्यावर किमान अर्धा तास अप्पांनी आडवं व्हायचं नाही.

दुसरं, वरून पाणी पिणं. आपल्याकडे तांब्याला किंवा बाटलीला ओठ न लावता, मान मागे टाकून, धार तोंडात सोडून पाणी पितात. उष्टं होऊ नये म्हणून जपलेली चांगली सवय आहे, पण म्हाताऱ्या घशासाठी याहून धोक्याची पद्धत शोधून सापडणार नाही. मान मागे, धार सुरू, आणि फाटक बंद व्हायच्या आत पाणी दाराशी. अप्पांसाठी वेगळा पेला ठेवा म्हणजे उष्ट्याचा प्रश्न उरत नाही. तोही रुंद तोंडाचा असू द्या, कारण उभट, निमुळत्या पेल्यातला शेवटचा घोट घेताना मान मागे टाकावीच लागते. बशीतून फुर्रकन चहा ओढायची सवय असेल तर तीही सोडवा. फुरका मारताना चहाबरोबर हवाही आत खेचली जाते, म्हणजे श्वास थांबायचा त्याच घडीला तो सुरू असतो. कपाला ओठ लावून, लहान घोट, तोंडात क्षणभर धरून, हनुवटी समोर ठेवून मग गिळायचा. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो, पण सगळ्यांना नाही, म्हणून ते तज्ज्ञांना विचारून करा.

पाणी कमी करू नका. ठसक्याच्या भीतीने घरोघरी हेच होतं. मुंबईच्या घामात, शुगर असलेल्या माणसाचं पाणी तोडलं तर दुखणं भलतीकडेच जाईल, आणि लाळ आणखी आटेल. पाण्यात घट्ट करायची पावडर घालून द्या असंही कोणी सुचवेल. काहींना तिचा उपयोग होतो, पण तसलं पाणी माणसं नकोसं होऊन टाकून देतात. तिचा निर्णय तपासणीनंतर होऊ द्या.

खाण्यात सगळ्यात अवघड काय, तर पातळ आणि घट्ट एकत्र असलेला घास. पातळ आमटीत भाताची शितं सुटी तरंगत असतील तर पाणी पुढे धावतं आणि शितं मागे राहतात. आमटी घट्ट करा, भात मऊ शिजवून चांगला कालवा. कोरडे पोहे, चुरमुरे, चिवडा, फरसाण, शेंगदाणे सध्या नकोत. कोरड्या पदार्थाचा तोठरा बसतो आणि तो उतरवायला अप्पा वरून घटाघट पाणी पिणार, म्हणजे दुहेरी संकट. साबुदाण्याची खिचडी आणि मोदकाची उकड चिकट असतात, त्याही थोडे दिवस बाजूला. मऊ खिमटी, उपमा, दह्यातला भात, केळं, नीट काटे काढलेला मऊ मासा, दुधात पूर्ण भिजलेली भाकरी चालेल. भाकरी अर्धवट भिजून वर दूध तरंगत राहता कामा नये. तिखट, मीठ, फोडणी असू द्या. बेचव अन्न पुढे आलं की माणूस आणखी कमी जेवतो.

घास लहान, आणि तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा नाही. टीव्ही बंद. गप्पा घासांच्या मधे. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांनी उमेदीची वर्षं जेवण उरकलं, त्यांच्या हाताला घाईची सवय असते, ती एका दिवसात जाणार नाही. पाऊण तास लागतो म्हणून कोणी घड्याळाकडे बघू नका. अप्पांच्या घशाला सध्या वेळच हवा आहे. गोळ्या एकेक करून द्या, दोन-तीन एकदम नाही, आणि विचारल्याशिवाय कुटून देऊ नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.

आणि दात. जेवणानंतर खळखळून चूळ, रात्री ब्रश, कवळी असेल तर काढून धुऊन ठेवणं. हे दिसायला किरकोळ आहे, पण छातीचा ताप येतो तो नुसत्या पाण्याने नाही, पाण्याबरोबर तोंडातले जंतू खाली उतरतात म्हणून. तोंड स्वच्छ ठेवलं की अशा न्यूमोनियाचा धोका खरोखर कमी होतो. तुमच्या हातात असलेल्या उपायांत मी याला वरचं स्थान देते.

ठसका लागल्यावर आपण काय करतो? ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थोपटतो आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाशी धरतो. दोन्ही गोष्टी आजपासून घरात बंद. वर बघितलं की वाट आणखी उघडते, आणि पाण्याला तर आधीच ठसका लागतोय. माणूस खोकतोय, आवाज निघतोय, तोवर त्याला पुढे वाकून खोकू द्या, पाठीवर मारू नका. खोकला हीच त्याची सुटका आहे. पण आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, ओठ निळे पडत असतील तर क्षणही दवडू नका. त्यांना पुढे वाकवा, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळव्याच्या टाचेने पाच जोरदार ठोसे द्या. नाही निघालं तर मागे उभं राहून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ धरून, आत आणि वर असे पाच हिसके द्या. घास सुटेपर्यंत आळीपाळीने हेच, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपली तर जमिनीवर उताणं झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. हे तुमच्या मिस्टरांना आणि मोठ्या मुलाला आजच शिकवून ठेवा. एका बाजूचा चेहरा किंवा हात लुळा पडून, बोलणं अडखळून अचानक गिळता येईनासं झालं, तर तो पक्षाघात समजून थेट इस्पितळात पळायचं, दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

घोरण्याबद्दल थोडक्यात. दिवसा गिळणारा आणि रात्री घोरणारा घसा एकच आहे. झोपेत पडजीभ, टाळूचा मागचा मऊ भाग आणि जिभेचं मूळ सैल होऊन मागे पडतं, म्हातारपणी जास्तच, आणि श्वासाची वाट अरुंद होते. घोरणं म्हणजे गाढ झोप हा गैरसमज आहे. मध्येच आवाज बंद होतो आणि मग दचकून श्वास घेतला जातो, याचा अर्थ तेवढा वेळ श्वास अडलेला असतो. रोज रात्री असं झालं की रक्तदाब आटोक्यात येत नाही, दिवसा डुलक्या लागतात, हृदयावर ताण पडतो. डॉक्टरांना हेही सांगा, ते झोपेची तपासणी सुचवतील. तोवर अप्पांना कुशीवर झोपवा. रात्रीच्या बंद श्वासांचा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेलात तर डॉक्टरांना फार मदत होईल.

राहिले अप्पा. त्यांना काय आणि कसं सांगायचं? ‘तुम्हाला गिळता येत नाही’ असं नका सांगू. सांगा, ‘अप्पा, घशाची दुर्बीण करून घेऊ, भजनाचा आवाज परत येतो का बघू.’ ही थाप नव्हे, कारण स्वरतंतू त्याच तपासणीत दिसणार आहेत, आणि फटीमुळे फुसका झालेला आवाज उपचारांनी बराच सुधारू शकतो. भजनाने गिळणं सुधारतं असा दावा मी करत नाही. पण लांब श्वास, खणखणीत उच्चार आणि आठवड्यातून एकदा माणसांत बसणं त्यांना हवंय. गाता येत नसेल तर टाळ धरायला तरी पाठवा.

आणि त्यांना परत तुमच्याबरोबर जेवायला बसवा. मुलांना आधीच समजावून ठेवा, की आजोबांना ठसका लागला तर सगळ्यांनी घास खाली ठेवून त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही, बाजूच्या माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. लग्नाला न्या. पंगतीच्या गर्दीत, वाढप्यांच्या घाईत बसवू नका. घरून मऊ भात जेवून निघा, हॉलमध्ये अप्पांना कडेची खुर्ची द्या, आणि कोणी आग्रहाने पेढा भरवायला आलं तर तो तुम्ही हातात घ्या.

तपासणीत काय निघालं ते जरूर कळवा, केसपेपरवरचा मजकूर उतरवून पाठवा. आणि उद्या सकाळचा चहा बंद करू नका. खुर्चीत बसवून, रुंद कपात, थोडा कोमट करून, एकेक घोट द्या.